मॅन्युअलसाठी गिट, सबव्हर्जन की शेअरपॉइंट? आधी फाइली कोणत्या ते पाहा

प्रश्न असा आहे: यंत्रं बनवणारी कंपनी, तिथे चार टेक्निकल रायटरांची टीम. जुनी मॅन्युअलं फ्रेममेकरमध्ये, चालू मॅन्युअलं बहुतेक वर्डमध्ये, आणि यंत्राच्या कंट्रोल सॉफ्टवेअरची नवी हेल्प मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत. ऑपरेटरांसाठी हिंदी आणि मराठी आवृत्त्याही काढाव्या लागतात. सगळं एका शेअर्ड ड्राइव्हवर, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल करेक्शनसहित' अशा नावांनी पडलेलं. डेव्हलपर म्हणतात गिट घ्या, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं व्हर्जन कंट्रोलचं सॉफ्टवेअर. आयटीवाले म्हणतात शेअरपॉइंटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फाइली ठेवायच्या-वाटायच्या साधनाचं, लायसन्स आहेच, वेगळं कशाला? आणि टीममधल्या एकाने आधीच्या नोकरीत सबव्हर्जन, म्हणजे गिटच्याच प्रकारचं जुनं साधन, वापरलंय. यातलं कोणतं घ्यावं?

उत्तर आधी सांगते, कारणं मग. मार्कडाउनची हेल्प गिटमध्ये, तीही डेव्हलपरांच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे फाइली आणि त्यांचा इतिहास असतो त्या साठ्यात. वर्ड आणि फ्रेममेकरच्या फाइली सबव्हर्जनमध्ये, एका वेळी एकालाच फाइल बदलता येईल असं लॉक सक्तीचं करून. शेअरपॉइंट फक्त रिव्ह्यूच्या पीडीएफसाठी. पण तुमच्या फाइली वेगळ्या असत्या तर माझं उत्तरही वेगळं असतं, म्हणून त्यामागचा विचार नीट मांडते. पुढच्या वर्षी परिस्थिती बदलली तर तुम्हाला स्वतःलाच ठरवता आलं पाहिजे.

'कोणतं सॉफ्टवेअर चांगलं' याआधी एक प्रश्न येतो: तुम्हाला मागचं नेमकं काय परत मिळवायचं आहे? समजा, सर्व्हिस इंजिनिअरचा ग्राहकाकडून फोन आला. यंत्रावर सॉफ्टवेअरची २.३ आवृत्ती आहे, मॅन्युअलात मुख्य बोल्टचा टॉर्क ५४ न्यूटन-मीटर छापलाय आणि ड्रॉइंगवर ४५ आहे. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्यात. एक, २.३ बरोबर गेलेला मॅन्युअलचा अख्खा संच जसाच्या तसा. दोन, तो आकडा कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर बदलला. पहिल्यासाठी टॅग लागतो, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या फाइलींवर एकत्र मारलेली खूण. दुसऱ्यासाठी ओळीओळीचा इतिहास लागतो. गिटमध्ये 'ब्लेम' चालवलं की त्या ओळीपुढे नाव, तारीख आणि कमिटचा, म्हणजे संदेशासह नोंदवलेल्या बदलाचा, क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून कमिटचा संदेश उघडतो. तिथे 'ईसीएन २१७ नुसार टॉर्क बदलला' असं लिहिलेलं असेल तर दोन मिनिटांत ती ईसीएन, म्हणजे डिझाइन बदलाची सूचना, काढून शहानिशा होते. 'अपडेट केलं' एवढंच असेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवू शकत नाही.

शेअरपॉइंट इथेच कमी पडतं. त्यात व्हर्जन हिस्टरी आहे, चेक-आउट (बदलण्याआधी फाइल आपल्या नावावर घेणं) आहे, आणि ते काम करतं. पण तो इतिहास एकेका फाइलचा. चाळीस फाइलींचा संच अमुक रिलीजला कसा होता, हे सरळ विचारायची सोय त्यात नाही. तुमची मॅन्युअलं मोजकी असती, प्रत्येक मॅन्युअल म्हणजे एकच वर्ड फाइल असती आणि शेजारी सॉफ्टवेअरची टीम नसती, तर मी शेअरपॉइंटवरच थांबा म्हटलं असतं. चेक-आउट सक्तीचं करायचं, रिलीजची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये बंद करून ठेवायची, एवढ्यावर कित्येक छोट्या टीमचं उत्तम चालतं.

आता मुख्य मुद्दा, फाइलींचा. गिट असो की सबव्हर्जन, दोघांनाही खरी भाषा कळते ती साध्या मजकुराची. मार्कडाउन, आस्कीडॉक, रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट, डिटाचं एक्सएमएल हे सगळं ओळींचं बनलेलं असतं. दोघांनी एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या जागी बदल केले तर ते आपोआप एकत्र होतात. वर्डची डॉकएक्स फाइल मात्र आतून झिप असते. तुम्ही एक स्वल्पविराम बदलून सेव्ह केलं तरी नवं गाठोडं बांधलं जातं आणि व्हर्जन कंट्रोलच्या दृष्टीने जवळजवळ सगळी फाइल बदललेली असते. फ्रेममेकरची फाइलही बायनरीच, म्हणजे साधा मजकूर नसलेली. ती एमआयएफ या मजकुराच्या स्वरूपात सेव्ह करता येते, पण ते वाचून बदल समजून घेणं किंवा हाताने मर्ज करणं, म्हणजे दोन आवृत्त्या एकत्र करणं, माणसाच्या आवाक्यातलं नाही, त्या वाटेला जाऊ नका.

मग दोन रायटरांनी एकच डॉकएक्स एकाच दुपारी उघडली तर काय होतं? साध्या गिटमध्ये दुसऱ्याचा पुश (बदल सर्व्हरवर पाठवणं) नाकारला जातो, पुल करून पहिल्याचे बदल आणले की कॉन्फ्लिक्ट येतो आणि ठरवावं लागतं, दोन्हींपैकी कोणती ठेवायची? एकाची दुपार वाया जाते, किंवा दोघं बसून वर्डच्या 'कम्पेअर'मध्ये हाताने जुळवतात. सबव्हर्जनमध्ये यावर फार जुना आणि साधा उपाय आहे. फाइलवर 'नीड्स-लॉक' ही प्रॉपर्टी लावली की प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ती रीड-ओन्ली उतरते. काम करायचं तर आधी लॉक घ्यायचं. दुसऱ्याने मागितलं तर ते कोणाकडे आहे हे नावासकट दिसतं. कमिट केलं की लॉक आपोआप सुटतं. ही प्रॉपर्टी सगळ्या डॉकएक्स फाइलींना आपोआप लागेल असं रिपॉझिटरीतच ठरवून ठेवता येतं, म्हणजे कोणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही.

विंडोजवर टॉर्टॉइज एसव्हीएन घ्या. एक्सप्लोररमध्ये राइट क्लिक करून सगळं होतं, कमांड लिहावी लागत नाही. वर्ड फाइलच्या दोन आवृत्त्यांची तुलना मागितली तर ते वर्डचंच कम्पेअर उघडून देतं. रायटरला फरक ओळखीच्या रूपात, ट्रॅक चेंजेससारखा दिसतो. ही गोष्ट ऐकायला छोटी वाटते, पण जे रायटर प्रोग्रामर नाहीत ते नवं साधन आपलंसं करतात की चुकवतात, हे अशाच गोष्टींवर ठरतं.

सबव्हर्जनबद्दल डेव्हलपर नाक मुरडतील. २००० साली सीव्हीएस या त्याहून जुन्या साधनाची जागा घ्यायला ते सुरू झालं, २००४ मध्ये १.० आलं, आणि आज ते अपाचे फाउंडेशनकडे आहे. जुनं आहे, पण सोडून दिलेलं नाही. डॉक्युमेंटेशनसाठी त्याचे आणखी दोन गुण मला मोलाचे वाटतात. अख्ख्या रिपॉझिटरीचा एकच चढता रिव्हिजन क्रमांक असतो, तो मॅन्युअलच्या तळटिपेत छापता येतो आणि ऑडिटरला फोनवर सांगता येतो. गिटमधला कमिटचा क्रमांक म्हणजे चाळीस अक्षरांचा हॅश, तो तसा सांगता येत नाही. तिथे टॅगच्या नावावर भिस्त ठेवावी लागते. दुसरं म्हणजे फोल्डरनिहाय परवानगी. बाहेरच्या अनुवादकाला फक्त मराठीचं फोल्डर दाखवायचं असेल तर सबव्हर्जनमध्ये ते होतं. गिटमध्ये क्लोन, म्हणजे रिपॉझिटरीची आपल्याकडची प्रत, घेतली की सगळंच येतं.

गिटमध्येही बायनरीसाठी एलएफएस हे मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणारं जोडसाधन आहे आणि त्यात लॉकही आहे. ते चालतं, मी नाही म्हणत नाही. पण होस्टिंगवर ती सोय लागते, प्रत्येकाच्या मशीनवर एलएफएस बसवलेलं लागतं, आणि कोणत्या फाइली त्याच्याकडे जाणार हे पहिल्या कमिटच्या आधी ठरवावं लागतं. नाहीतर मोठी फाइल एकदा साध्या इतिहासात शिरली की पुढच्या कमिटमध्ये डिलीट करूनही रिपॉझिटरी हलकी होत नाही, कारण जुना इतिहास प्रत्येकाच्या क्लोनमध्ये तसाच राहतो. गिटहब तर १०० एमबीच्या वरची फाइल साध्या पुशमध्ये घेतच नाही. चार जणांना दोन साधनं सांभाळणं खरोखर जड जाणार असेल आणि डेव्हलपरांपैकी कोणी हौसेने मदत करणारा असेल, तर सगळं गिटमध्ये ठेवून बायनरीसाठी एलएफएस आणि लॉक हा पर्याय मी मान्य करेन. तसा कोणी नसेल तर सबव्हर्जन.

मार्कडाउनच्या हेल्पसाठी मात्र गिटच. लिनस टॉर्व्हाल्ड्सने ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं, आणि आज तुमच्या डेव्हलपरांचं रोजचं काम त्यातच चालतं. हेल्प त्यांच्या कोडशेजारी असेल तर एखादं बटण बदलणारा कोड आणि त्या बटणाचं वर्णन एकाच बदलात जातं, एकाच रिव्ह्यूत तपासलं जातं आणि एकाच टॅगखाली रिलीज होतं. पायथॉनचं डॉक्युमेंटेशन असंच आहे, मूळ कोडच्या रिपॉझिटरीत 'डॉक' नावाच्या फोल्डरमध्ये. ही रिपॉझिटरी २०१७ पर्यंत मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनात होती, मग गिटवर आली.

मर्क्युरियलचं नाव निघालंच म्हणून सांगते. साधन म्हणून ते चांगलं आहे, शिकायला गिटहून सोपं. पण २०२० मध्ये बिटबकेट या होस्टिंग सेवेने त्याचा आधार काढून घेतला आणि अनेक टीमना गाशा गुंडाळावा लागला. मॅन्युअलं यंत्राच्या आयुष्यभर जपायची असतात, आणि यंत्र वीस वर्षं चालतं. त्यामुळे साधनाच्या गुणांइतकंच, ते चालवणारी माणसं आणि ते ठेवून घेणारं होस्टिंग सहज मिळतं का, हे मी तोलते.

गिट घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक सवय लावा: एका ओळीत एक वाक्य. डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक, ओळीनुसार चालतो; जुनी ओळ लाल, नवी हिरवी. आठ वाक्यांचा परिच्छेद एका लांब ओळीत असेल आणि तुम्ही एक शब्द बदलला, तर अख्खा परिच्छेद लाल आणि अख्खा परिच्छेद हिरवा दिसतो. रिव्ह्यू करणारा वैतागून न वाचताच 'ओके' देतो. वाक्य वेगळ्या ओळीवर असेल तर तेवढंच वाक्य समोर येतं. छापताना मार्कडाउन आणि आस्कीडॉक दोन्ही त्या ओळी जोडून परिच्छेद करतात, वाचकाला काही फरक पडत नाही. शब्दाशब्दाचा फरक हवा असेल तर गिटच्या डिफला 'वर्ड-डिफ' हा पर्याय आहे, आणि तो देवनागरीतही चांगला चालतो, कारण तो शब्द मोकळ्या जागेवरून ओळखतो. एक्सएमएल वापरणार असाल तर सगळ्यांच्या एडिटरमधलं इंडेंटचं सेटिंग एकसारखं ठेवा. नाहीतर नुसतं सेव्ह केल्याने शेकडो ओळी बदललेल्या दिसतात.

मराठी आणि हिंदी आवृत्त्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे कुठल्या परदेशी मार्गदर्शिकेत मिळत नाही.

फाइलींची नावं रोमनमध्येच ठेवा. देवनागरी नाव दिलं तर गिट मुळात ते चालवून घेतं, पण 'स्टेटस' दाखवताना 'म'च्या जागी बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४, बॅकस्लॅश २५६ असे आकडे दाखवतं. 'कोअर डॉट कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' केलं की नावं नीट दिसतात, पण ते प्रत्येक मशीनवर करावं लागतं. त्यापेक्षा इंग्रजी, हिंदी, मराठी अशी तीन फोल्डर करा आणि तिन्हीत फाइलींची नावं तंतोतंत तीच ठेवा.

मजकुरात एक छुपी अडचण येते. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये ०९३१ या एकाच क्रमांकाने येऊ शकतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन क्रमांकांनी, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे झिरो-विड्थ जॉइनर टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. डिफमध्ये मात्र लाल ओळ आणि हिरवी ओळ येते आणि कितीही डोळे ताणले तरी फरक सापडत नाही. शोधा-बदला चालवलं तर निम्मे शब्द सुटतात. उपाय असा: टीममध्ये सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा, आणि कमिटच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट चालवून मजकूर एनएफसी या प्रमाणरूपात आणावा. नुक्त्याचा प्रकार एनएफसीने सुटतो. जॉइनरचा सुटत नाही, त्यासाठी स्क्रिप्टमध्ये बदलीचा वेगळा नियम लिहावा लागतो. आणि जुनी मराठी मॅन्युअलं डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आली असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये आणून, एकदा वाचून मगच आत घ्या. तो मजकूर फॉन्ट काढला की निव्वळ विस्कटलेली चिन्हं असतात. त्याचा इतिहास ठेवून काही हाती लागत नाही.

अनुवादात खरा पैसा वाचतो तो असा. प्रत्येक मराठी फाइलच्या डोक्यावर एक ओळ ठेवा: हा अनुवाद इंग्रजी फाइलच्या कोणत्या कमिटवरून केला. पुढच्या रिलीजला त्या कमिटपासून आजपर्यंतचा डिफ काढला की नेमकी बदललेली वाक्यं मिळतात. अनुवादकाला साठ पानांऐवजी तेवढी वाक्यं पाठवायची. सुरक्षेच्या सूचनांचा अनुवाद मागे राहिलाय का, हेही त्या ओळीवरून कळतं, आणि यंत्राच्या मॅन्युअलात ते कळलंच पाहिजे. इंग्रजीत इशारा बदलला आणि मराठीत जुनाच राहिला, तर धोका मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला असतो.

रिव्ह्यूच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: डिझाइनचे आणि सर्व्हिसचे लोक गिट शिकतील अशी अपेक्षा धरू नका. त्यांना पीडीएफ किंवा प्रिव्ह्यूची लिंक द्या, शेअरपॉइंटवर शेरे घ्या, आणि ते शेरे रायटरने आत आणावेत, कमिटच्या संदेशात शेरा कोणाचा होता ते लिहून. रायटरांनाही पुल, कमिट, पुश आणि ब्रँच एवढंच रोज लागतं. ते व्हीएस कोडमधून किंवा गिटहब डेस्कटॉपमधून होतं. ब्रँचेस, म्हणजे कामाच्या समांतर शाखा, कमी ठेवा: एक मुख्य, आणि ग्राहकाकडे चालू असलेल्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक. दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचवर करायची, मग लागेल त्या जुन्या ब्रँचवर न्यायची.

वर्डमधली मॅन्युअलं कधीतरी मजकुरात आणायची का? माझ्या मते हो, पण साधन बदलताना नव्हे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टीमने आपलं डॉक्युमेंटेशन २०२० च्या डिसेंबरमध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये नेलं, आणि डॉकबुक हे एक्सएमएल स्वरूप सोडून आस्कीडॉकवर ते आले त्यानंतर, २०२१ च्या जानेवारीत. दोन्ही पावलं वेगवेगळी टाकली की काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं. तुम्हीही एकेका मॅन्युअलची मोठी आवृत्ती येईल तेव्हा ते एकच हलवा. पॅनडॉक हे फाइलींचं स्वरूप बदलणारं साधन डॉकएक्समधून बराचसा मजकूर नीट काढून देतं. जोडलेल्या खान्यांची कोष्टकं मात्र बऱ्याचदा हाताने बसवावी लागतात. त्यासाठी मार्कडाउनपेक्षा आस्कीडॉक घ्या. त्यात अशी कोष्टकं होतात आणि टीप, खबरदारी, इशारा यांचे ब्लॉक मुळातच आहेत. यंत्राच्या मॅन्युअलला ते पानोपानी लागतात.

ठरवण्याआधी एक चाचणी घ्या. एक वर्ड मॅन्युअल आणि हेल्पचा एक भाग घ्या, दोन रायटर बसवा. दोघांना मुद्दाम एकाच परिच्छेदात बदल करायला सांगा आणि पुढे काय होतं ते बघा. मग एक टॅग मारा, आणखी बदल करा, आणि त्या टॅगवरून जुनी पीडीएफ पुन्हा तयार करून दाखवायला सांगा. शेवटी सर्व्हर बंद पडला असं धरून बॅकअपमधून सगळं परत उभं करून पाहा. सबव्हर्जनमध्ये इतिहास सर्व्हरवरच असतो, त्यामुळे तिथे 'हॉटकॉपी', म्हणजे चालू रिपॉझिटरीची बॅकअप प्रत, रोज रात्री निघालीच पाहिजे. गिटमध्ये प्रत्येकाकडे क्लोन असला तरी एलएफएसच्या सगळ्या जुन्या फाइली त्यात नसतात. हे तिन्ही तुमच्या रायटरांना डेव्हलपरला न बोलावता जमलं, तर ते साधन तुमच्यासाठी योग्य आहे.

राहिल्या शेअर्ड ड्राइव्हवरच्या त्या सगळ्या 'फायनल'. त्या जशाच्या तशा आत ओतू नका. ग्राहकाकडे प्रत्यक्ष गेलेल्या आवृत्त्या कोणत्या ते डिस्पॅचच्या कागदांवरून किंवा सर्व्हिसच्या माणसांना विचारून काढा. त्या तारखेच्या क्रमाने एकामागून एक कमिट करा, प्रत्येकीवर यंत्राच्या आवृत्तीचा टॅग लावा, आणि संदेशात मूळ फाइलचं नाव लिहा. पाठवलेल्या पीडीएफ रिपॉझिटरीबाहेर त्याच टॅगच्या नावाने जपा. बाकीचा ड्राइव्ह रीड-ओन्ली करून तसाच राहू द्या; टॉर्कसारखा एखादा जुना वाद निघाला तर तो उघडता येईल.